खाद्यसंस्कृतीचा हँड्स-ऑन कोर्स केला, त्याबद्दल थोडंसं

फूड अँड बेव्हरेज शिकणाऱ्या कुणीही विचारलं तर मी डोळे झाकून सांगेन, कर. थिअरीत चहा-कॉफीचा इतिहास पाठ करून पेपर देता येतो, पण चवीबद्दल चार वाक्यं स्वतःची बोलायची वेळ आली की आपली गाडी 'छान आहे'च्या पुढे जात नाही, आणि हा कोर्स नेमकं तिथेच काम करतो.

सगळ्यात भारी सेशन कॉफी कपिंगचं, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने कॉफीचा वास आणि चव तपासण्याचं. १५० मिली पाण्याला साधारण सव्वाआठ ग्रॅम पूड, पाणी ९३ डिग्रीच्या आसपास, आधी कोरडी पूड हुंगायची, मग पाणी ओतून चार मिनिटं गप्प थांबायचं, वर जो थर येतो तो चमच्याने मोडताना नाक अगदी कपाशी न्यायचं आणि तो पहिला वास घ्यायचा. मग जरा निवली की जोरात फुरका मारायचा, कारण त्याने कॉफी सगळ्या जिभेवर पसरते आणि वास मागून नाकात चढतो. एकच बी, एक लाइट रोस्ट म्हणजे कमी भाजलेली, एक डार्क म्हणजे जास्त भाजलेली, पहिल्यात फळासारखा आंबटपणा तर दुसरी कडू, धुरकट, शेजारी शेजारी प्यायल्याशिवाय हे पटतच नाही! त्या चार मिनिटांत मॅडम पंधराव्या शतकातल्या येमेनच्या सूफींबद्दल सांगत होत्या, रात्रीच्या उपासनेत झोप येऊ नये म्हणून ते कॉफी प्यायचे, आणि मग लंडनची कॉफी हाउसेस, लॉइड्स ही विम्याची बाजारपेठ अशाच एका कॉफी हाउसमधून उभी राहिली. हातात कप असताना ऐकलेला इतिहास डोक्यात राहतो, मला तरी राहिला.

चहाचं सेशन छोटं होतं पण कामाचं, एकच ग्रीन टी उकळत्या पाण्यात आणि ८० डिग्रीला, उकळत्या पाण्यातला कडूजार.

फर्मेंटेशनच्या, म्हणजे पदार्थ आंबवण्याच्या सेशनमध्ये कोबी चिरून, वजन करून २ टक्के मीठ लावायचं आणि स्वतःचं पाणी सुटेपर्यंत चुरायचं. बरणी घरी न्यायला देतात, दर थोड्या दिवसांनी चाखून आंबटपणा कसा चढतो ते लिहायचं, हा गृहपाठ मला फार आवडला.

खटकलं ते फील्ड व्हिजिट. काचेपलीकडून मशीन बघायची, हात कशालाच लावायचा नाही, मग हँड्स-ऑन कसलं? आणि एका टेबलाला एवढी मुलं की मागच्यांपर्यंत कप यायचा तोवर कॉफी थंडगार, फी तर सगळ्यांनी सारखीच भरलेली.

जाणार असाल तर त्या दिवशी परफ्यूम लावू नका, आधी तिखट खाऊ नका, आणि अॅडमिशन घेण्याआधी एका टेबलाला किती जण असतात हे नक्की विचारून घ्या.