काळा पाषाण की तांबडी वीट: कृष्णधवल वास्तुचित्रांच्या संपादनाच्या दोन पद्धती

रंगीत छायाचित्रातला रंग काढून टाकला की कृष्णधवल चित्र तयार झाले, अशी समजूत करून घेऊन बरेच जण सुरुवात करतात आणि पहिल्याच मंदिरापाशी त्यांची निराशा होते. जे शिखर डोळ्यांना आकाशातून उठून दिसत होते, तेच पडद्यावर आकाशात विरघळून जाते. यावर उपाय म्हणून दोन पद्धती प्रचलित आहेत. पहिल्या पद्धतीत मूळ रंगांच्या स्लायडरांनी (पडद्यावरच्या सरकत्या बटणांनी) प्रत्येक रंगाला करडी छटा किती गडद द्यायची ते ठरवतात. दुसऱ्या पद्धतीत इमारतीची एकेक बाजू सिलेक्शनने वेगळी करून तिच्यावर मास्क (बदल ठरावीक भागापुरताच लागू करणारा पडदा) आणि ग्रेडियंट (एका छटेतून दुसरीत हळूहळू जाणारा उतार) यांच्या साहाय्याने उजेड-सावली हाताने घडवतात. कोणती शिकावी आणि तिच्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, असे मला पुष्कळदा विचारले जाते. माझे उत्तर असे की, आधी इमारत कशाची बांधलेली आहे ते पाहावे, मग छायाचित्र घेतले त्या दिवशी आकाश कसे होते ते आठवावे, आणि सॉफ्टवेअरचा विचार त्यानंतर करावा.

विदर्भात हा क्रम विशेष महत्त्वाचा ठरतो. बुलढाण्याकडची जुनी मंदिरे काळ्या बेसॉल्टची आहेत. चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट वालुकाश्माचा आहे. अकोला जिल्ह्यातल्या बाळापूरचा किल्ला, मन आणि म्हैस या नद्यांच्या मध्ये उभा असलेला, विटांचा आहे. आणि वऱ्हाडात गावोगावी ज्या गढ्या पावसाने झिजत उभ्या आहेत, त्या पांढऱ्या मातीच्या. एकाच दिवसाच्या प्रवासात भेटणाऱ्या या चार पदार्थांना एकच कृती लागू पडत नाही.

हे आकड्यांवरून लगेच ध्यानात येईल. ऊन पडलेल्या एखाद्या विटेच्या भिंतीत लाल, हिरवा आणि निळा यांची मूल्ये (0 म्हणजे काळोख, 255 म्हणजे पूर्ण उजेड) 170, 90 आणि 60 आहेत, आणि मागच्या आकाशात ती 90, 140 आणि 200 आहेत, असे धरू. प्रचलित सूत्राने करडी छटा काढताना लाल रंगाला 0.2126, हिरव्याला 0.7152 आणि निळ्याला 0.0722 एवढे वजन देतात. त्याप्रमाणे वीट 105 वर येते आणि आकाश 134 वर, म्हणजे भिंत आकाशापेक्षा काळपट दिसते. आता केवळ लाल वाहिनी, म्हणजे चित्रातली फक्त लालची मूल्ये, घेतली, तर वीट 170 होते आणि आकाश 90. संपूर्ण चित्र उलटले, भिंत उजळून पुढे आली आणि आकाश मागे सरले. आणि यासाठी आपण एकही सिलेक्शन केलेले नाही. फिल्मच्या काळात भिंगावर लाल फिल्टर लावून लोक हेच करत असत.

आता तोच प्रयोग लोणारच्या दैत्यसूदन मंदिरावर करून पाहावा. काळ्या दगडाची मूल्ये साधारण 70, 68 आणि 66 अशी येतात. सूत्राने काढा, लाल वाहिनी घ्या, निळी घ्या, उत्तर 66 ते 70 यांच्या बाहेर जात नाही. स्लायडर रंगातला फरक मोठा करून दाखवतो, आणि या दगडात मुळी रंगच नाही. मी स्वतः या मंदिराच्या चित्रावर एक संपूर्ण संध्याकाळ स्लायडर इकडून तिकडे सरकवण्यात घालवली आहे. मागचे आकाश तेवढे बदलत राहिले, दगड होता तिथेच होता. बेसॉल्टच्या मंदिराला दुसऱ्याच पद्धतीने जावे लागते.

आकाशाचेही तसेच आहे. वैशाखात आपल्याकडचे आकाश धुळीने आणि उन्हाच्या तापाने पांढुरके झालेले असते, त्यामुळे निळा स्लायडर तळाला नेला तरी हाताला काही लागत नाही. पाऊस उघडल्यानंतर, दसऱ्याच्या सुमारास, आकाश स्वच्छ निळे असते आणि तेव्हा हाच स्लायडर अर्धे काम करून देतो. पोलरायझर फिल्टर जवळ असेल तर सूर्यापासून काटकोनातले आकाश कॅमेऱ्यातच आणखी गडद होते. म्हणून ज्याला रंगांच्या पद्धतीनेच काम करायचे आहे त्याने विटांच्या इमारतींचे दौरे आश्विन-कार्तिकात ठेवावेत, असे मी सुचवीन. उन्हाळ्यात काढलेल्या चित्राला मास्कशिवाय गत्यंतर नाही.

रंगांच्या पद्धतीचा मोठा गुण म्हणजे वेग. बाळापूरचा एखादा बुरूज माझ्या हातून वीस मिनिटांत पुरा होतो. परंतु तिचे दोष छापल्याशिवाय दिसत नाहीत, आणि हे मी पैसे मोजून शिकलो. जिल्ह्याच्या ठिकाणी एका छोट्या प्रदर्शनासाठी मी 20 बाय 30 इंचांचे एक शिखर छापून घेतले. लॅपटॉपवर ते सुंदर दिसत होते. कागदावर शिखराच्या कडेने पांढरी रेघ फिरलेली होती, कोणी खडूने बाह्यरेषा गिरवावी तशी, आणि आकाशात खरखरीत दाणे उमटले होते. लॅबचा यात काही दोष नव्हता. निळे आकाश लाल वाहिनीत मुळातच अंधुक असते, शिवाय कॅमेऱ्याच्या सेन्सरवर निम्मे बिंदू हिरव्याचे आणि फक्त पाव बिंदू लालचे असतात, त्यामुळे त्या वाहिनीवर फार भार टाकला की नॉइज, म्हणजे हे दाणे, वर येतो. कडेला दगडाचा आणि आकाशाचा रंग एकमेकांत मिसळलेला असतो. तो मधला रंग कोणत्याच स्लायडरच्या हुकमतीत नीट येत नाही आणि तिथे रेघ उरते.

मोबाइलच्या जेपेगमध्ये हा दोष वाढतो. अशा फायलींत उजेडाची माहिती पूर्ण ठेवून रंगाची माहिती सहसा आडवी आणि उभी निम्मी करतात, म्हणजे रंगाचा तपशील एकचतुर्थांश उरतो. स्लायडर तर नेमका त्या रंगावरच चालतो. म्हणून रंगांची पद्धत वापरायची असेल तर चित्र रॉ स्वरूपातच, म्हणजे सेन्सरची कच्ची माहिती जशीच्या तशी ठेवणाऱ्या फाइलमध्ये, घ्यावे, ही माझ्या लेखी पूर्वअट आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली फाइल या कामासाठी उघडूसुद्धा नये.

मास्कची पद्धत

दुसरी पद्धत रंगावर अवलंबून नाही. ती चिकाटीवर अवलंबून आहे. पेन टूलने (बिंदू जोडत रेघ आखणाऱ्या साधनाने) इमारतीचे एकेक प्रतल, म्हणजे एका दिशेला तोंड असलेला एकेक पृष्ठभाग, आखून घ्यायचा आणि ते सिलेक्शन चॅनेल म्हणून, म्हणजे पुन्हा वापरता येईल असे फाइलमध्येच, जपून ठेवायचे. मग त्या सिलेक्शनच्या आत काळ्याकडून करड्याकडे जाणारा ग्रेडियंट ओढायचा. उजेडाची दिशा एकदा ठरवली की तिच्याकडची प्रतले उजळ आणि पलीकडची गडद ठेवायची, आणि कोपऱ्यावर दोन्ही छटा एकमेकांना भिडवायच्या. कोपरा धारदार दिसतो तो या भिडण्यामुळे. क्लॅरिटीचा स्लायडर वाढवून येणारी धार निराळी आणि, मला विचाराल तर, बटबटीत असते.

इथे अँसल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकी छायाचित्रकारांनी मांडलेली झोन पद्धती उपयोगी पडते. शुद्ध काळ्यासाठी 0 पासून शुद्ध पांढऱ्यासाठी 10 पर्यंत तिचे अकरा टप्पे आहेत, 5 हा मधला करडा, आणि पोत स्पष्ट दिसायला हवा असेल तर सावली 3 च्या खाली जाऊ द्यायची नाही. काळ्या मंदिराची सावलीची बाजू 3 वर, उन्हाची बाजू 5 वर आणि आकाश वरून खाली 1 ते 4 असे मी कागदावर आधी लिहून ठेवतो. तसे न करता बसले की प्रत्येक कोपरा आपल्याला थोडा आणखी उजळावासा वाटतो आणि शेवटी मंदिर सिमेंटचे दिसू लागते.

या पद्धतीची किंमत वेळात मोजावी लागते. दैत्यसूदन मंदिराचा तलविन्यास तारकाकृती आहे. भिंत सरळ जातच नाही, सतत कोन करत राहते, आणि प्रत्येक कोनाला दोन प्रतले. मूर्तींना हात न लावता नुसत्या भिंतीसाठी मला तीन संध्याकाळी लागल्या. मूर्तींसाठी पेन टूल निरुपयोगी आहे. तिथे छायाचित्रकार टोनी कायपर यांनी रुळवलेले ल्युमिनॉसिटी मास्क घ्यावेत, ज्यांत चित्राचा स्वतःचा उजेडच मास्क बनतो आणि कड आपोआप मऊ राहते. मातीच्या गढीलाही हेच मास्क मानवतात, कारण पावसाने कोरलेल्या तिच्या अंगावर सरळ रेघ शोधून सापडत नाही.

तांत्रिक धोका मात्र एकच आहे आणि तो टाळता येतो. समजा, 4000 पिक्सेल उंचीच्या आकाशात छटा 120 वरून 40 वर आणायची आहे. 8 बिटच्या फाइलमध्ये एकूण 256 पायऱ्या, त्यांतल्या आपल्या वाट्याला 80, म्हणजे प्रत्येक पायरी 50 पिक्सेल रुंद. इंचाला 200 पिक्सेल या हिशेबाने छापले तर आकाशात पाव-पाव इंचाचे पट्टे उमटणार. म्हणून काम 16 बिटमध्येच करावे, तिथे पायऱ्या कितीतरी पट जास्त असतात, आणि लॅबसाठी जेपेग काढण्यापूर्वी वरून हलका ग्रेन (बारीक कृत्रिम दाणे) टाकावा. त्याने पायऱ्यांच्या कडा मोडतात.

सॉफ्टवेअरविषयी

लाइटरूममध्ये कृष्णधवलासाठी आठ रंगांचे स्लायडर आहेत, त्यांत नारिंगी वेगळा आहे, आणि वीट असो की चंद्रपूरचा वालुकाश्म, तिचा प्राण त्या नारिंगीत असतो. फोटोशॉपच्या लेयरमध्ये सहाच स्लायडर असतात. पण पेन टूल, चॅनेल आणि ग्रेडियंट यांचा मेळ तिथे सर्वांत सरस बसतो. 2021 पासून लाइटरूम आकाश आपोआप ओळखून देते. सरळ भिंतींसाठी ते पुरेसे असते, परंतु जीर्ण शिखरावर गवत आणि पिंपळाची रोपे उगवलेली असली की हमखास चुकते. दोन्हींना वर्गणी भरत राहावी लागते आणि परवाना तपासण्यासाठी मधूनमधून इंटरनेटला जोडावे लागते. ज्यांचे पोट लग्नाच्या अल्बमवर आहे त्यांच्याकडे ही वर्गणी बहुधा आधीच चालू असते. त्यांनी निराळे काही शोधण्याचे कारण नाही.

फुकटात डार्कटेबल आणि जिम्प यांची जोडी घ्यावी, आणि ती तडजोड म्हणून घेऊ नये. जिम्प रॉ फाइल थेट उघडत नाही, ती डार्कटेबलमधून जाते. पण 2018 च्या 2.10 या आवृत्तीपासून ते 16 बिटमध्ये काम करते आणि पाथ, चॅनेल, ग्रेडियंट ही तिन्ही साधने त्यात आहेत. डार्कटेबलमध्ये करड्या छटेसाठी लाल, हिरवा आणि निळा एवढ्या तीनच वाहिन्यांचे मिश्रण करता येते, नारिंगी वेगळा मिळत नाही. त्याची भरपाई रंगछटेवरून आपोआप होणारा पॅरामेट्रिक मास्क करतो, किंबहुना जास्तच नेमकी करतो; तो समजायला एक आठवडा जातो, एवढेच. जुन्या लॅपटॉपवर डार्कटेबल संथ चालते, याची तयारी ठेवावी.

सिल्व्हर इफेक्स प्रो या कृष्णधवलासाठीच्या सॉफ्टवेअरचे नाव जुन्या छायाचित्रकारांकडून हटकून निघते. नीक ही मूळ कंपनी 2012 मध्ये गूगलने घेतली, 2016 मध्ये तिचा संच फुकट केला, आणि 2017 मध्ये तो डीएक्सओकडे गेल्यावर पुन्हा विकत मिळू लागला. कोणता भाग कोणत्या झोनमध्ये आहे ते त्यात चित्रावरच दिसते, हे फार उपयोगाचे. परंतु तयार प्रीसेटांचा मोह अनावर होतो आणि सगळ्यांची मंदिरे एकसारखी दिसू लागतात.

मोबाइलवरचे स्नॅपसीड शिकण्यासाठी चांगले आहे. रंगीत फिल्टरांचा परिणाम त्यात बोटाने बदलून पाहता येतो. गढी विटेची की मातीची आणि लाल फिल्टरने ती किती उजळते, हे जागेवरच उभे राहून तपासायला मी ते वापरतो. छापण्याचे काम त्यावर करत नाही.

आणखी एका गोष्टीचा निवडीवर परिणाम होतो. ढग ओढल्यासारखे दिसणारे आकाश हवे असेल तर दहा स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड अडवणारी गडद काच) लावून शटरची उघडझाप सुमारे हजारपट लांबवावी लागते, 1/60 सेकंदाचे सोळा-सतरा सेकंद होतात, आणि त्याला ट्रायपॉड हवा. पुरातत्त्व विभागाच्या संरक्षित वास्तूंत ट्रायपॉडसाठी सहसा आधी परवानगी काढावी लागते. गावातल्या गढीला ही अडचण नाही. तिथे मालकाला विचारले आणि चहा घेतला की झाले. जिथे ट्रायपॉड नेता येत नाही तिथले आकाश शेवटी ग्रेडियंटनेच घडवायचे असल्याने, संरक्षित स्मारकांवर काम करू इच्छिणाऱ्याने मास्कची पद्धत आधी शिकलेली बरी.

राहता राहिले देशमुखी वाडे, ज्यांचे जोते काळ्या घडीव दगडाचे, वरची भिंत विटांची आणि दरवाजा सागवानाचा. इथे दोन्ही पद्धती लागतात आणि क्रम चुकवून चालत नाही. रॉ फाइलवर नारिंगी आणि लाल वर नेऊन वीट आणि सागवान यांच्या छटा आधी ठरवाव्यात, निळा बेताने खाली आणावा, आणि मगच 16 बिट टिफ फाइल काढून जोत्याची प्रतले पेन टूलने आखायला बसावे. मास्क आधी केला आणि विटेची छटा मागाहून बदलावीशी वाटली, तर जोत्यावरचे सगळे ग्रेडियंट नव्याने जुळवावे लागतात. माझ्या संग्रहातला एक वाडा याच कारणाने गेल्या दिवाळीपासून अर्धवट पडून आहे.