बॉस एनएस-२ नॉइज सप्रेसर: अ‍ॅम्पच्या कोणत्या आवाजावर चालतो आणि कोणत्यावर नाही

बॉस कंपनीचे एनएस-२ हे पेडल, म्हणजे गिटार आणि अ‍ॅम्प (आवाज मोठा करणारे यंत्र) यांच्या मध्ये जोडायची, पायाने चालवायची छोटी पेटी, १९८७ मध्ये बाजारात आले, आणि आजही गिटार वाजवणाऱ्याने अ‍ॅम्पमधून येणाऱ्या नकोशा आवाजाची तक्रार केली की पहिला सल्ला बहुतेक वेळा याच पांढरट रंगाच्या पेडलचा मिळतो. पेडल उत्तम आहे, हे आधीच सांगून टाकतो. मात्र ते घ्यायला निघालेल्या बऱ्याच जणांना ज्या आवाजाचा त्रास होत असतो तो या पेडलच्या आवाक्यातलाच नसतो, आणि म्हणून या परीक्षणात पेडलइतकेच त्या आवाजांबद्दलही लिहावे लागणार आहे.

एनएस-२ आवाज गाळत नाही. येणाऱ्या सिग्नलची पातळी ते सतत मोजत राहते. पातळी ठरवलेल्या मर्यादेच्या खाली गेली की वाट बंद करते आणि तार छेडली की पुन्हा उघडते. सोसायटीच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यासारखेच ते काम आहे, त्यामुळे सुरांचा हात धरून जो आत शिरतो त्याला कोणी अडवत नाही. दोन सुरावटींच्या मधली शांतता हे पेडल देऊ शकते, पण सूर वाजत असताना त्याच्या खाली चाललेली घरघर तशीच राहते, फक्त सुराच्या मोठेपणामुळे ती कानाला जाणवत नाही. स्वच्छ टोनमध्ये हळुवार वाजवणाऱ्याला ती जाणवते, आणि तिथे या पेडलकडून फार अपेक्षा ठेवू नये.

खरेदीपूर्वी एक साधी तपासणी करावी. अ‍ॅम्प चालू ठेवून त्याच्या इनपुटमधली केबल काढून घ्यावी. आवाज तसाच राहिला, तर दोष अ‍ॅम्पमध्ये किंवा विजेच्या पुरवठ्यात आहे, आणि अ‍ॅम्पच्या आधी जोडलेले कोणतेही पेडल तिथे पोहोचू शकत नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असते. अर्थच्या (अर्थिंगच्या) दोन वाटा एकमेकींत अडकून तयार होणारी घरघर प्रामुख्याने याच पट्टीत असते, तर अ‍ॅम्पच्या पॉवर सप्लायमधले फिल्टर कपॅसिटर थकले की १०० हर्ट्झची, म्हणजे एक सप्तक वरची गुणगुण येते. हा फरक ओळखायला यंत्र लागत नाही. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये गिटारच्या सर्वांत जाड तारेवरील तिसऱ्या फ्रेटचा सूर ९८ हर्ट्झचा असतो. अ‍ॅम्पची गुणगुण त्याच्याशी जवळपास जुळत असेल तर संशय कपॅसिटरवर घ्यावा, आणि ती त्याहून एक सप्तक खाली वाटत असेल तर अर्थिंग आणि जोडणीवर. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये हे कपॅसिटर वीज बंद केल्यावरही शेकडो व्होल्ट धरून ठेवू शकतात, त्यामुळे पाठीमागचे झाकण उघडण्याचा मोह टाळून ते काम जाणकार कारागिराकडे द्यावे.

केबल काढताच आवाज थांबला, तर तो गिटार, केबल किंवा पेडलांच्या साखळीतून येत आहे. सिंगल कॉइल पिकअप, म्हणजे तारांची कंपने टिपणारा एकाच गुंडाळीचा भाग, भोवतालचे चुंबकीय क्षेत्र टिपतोच, तो त्याचा स्वभाव आहे. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५५ च्या सुमारास हमबकर हा दोन गुंडाळ्यांचा पिकअप तयार केला तो याच कारणासाठी. सिंगल कॉइलची गिटार हातात घेऊन खुर्चीवर बसल्या बसल्या हळूहळू वळून पाहिल्यास एखाद्या दिशेला घरघर बरीच कमी होते. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर किंवा दिव्याचा डिमर बंद करून पाहावा; घराघरातल्या कर्कश भणभणीचे मूळ पुष्कळदा तिथेच सापडते. इन्व्हर्टरवर वाजवणाऱ्यांनी तर वीज परत येईपर्यंत अ‍ॅम्पबद्दल कोणतेही मत बनवू नये, कारण स्वस्त इन्व्हर्टरची चौकोनी लहर चांगल्या अ‍ॅम्पलाही भणभणायला लावते.

तारांना हात लावल्यावर आवाज कमी होणे हे नेहमीचे आहे, कारण तारा ब्रिजमार्गे अर्थला जोडलेल्या असतात. हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर मात्र वाजवणे तत्काळ थांबवावे. जुन्या घरांत सॉकेटला तिसरे भोक असते, पण त्यामागे अर्थची तार असतेच असे नाही, आणि हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेण्याचा खर्च पेडलच्या किमतीपुढे किरकोळ ठरतो. घरघर जावी म्हणून प्लगची अर्थची पिन काढून टाकण्याचा उपाय काही जण आजही सुचवतात. त्यात जीव जाऊ शकतो.

एवढे सगळे झाल्यावर जी सळसळ उरते, म्हणजे गेन (सिग्नलची वाढ) किंवा डिस्टॉर्शन (सुराला मुद्दाम दिलेला फाटकेपणा) वाढवल्यावर येणारी ‘स्स्स’, तिच्यासाठी एनएस-२ बनले आहे, आणि तिथे त्याची बरोबरी करणारी पेडले कमी आहेत. त्याचे सगळे मर्म सेंड आणि रिटर्न या दोन जॅकमध्ये आहे. पुष्कळ जण ते रिकामे ठेवून पेडल साखळीच्या शेवटी सरळ लावतात आणि मग सूर मध्येच तुटतात म्हणून कुरकुरतात. गिटार इनपुटला जोडावी, सेंडमधून ओव्हरड्राइव्ह आणि डिस्टॉर्शनची पेडले घेऊन ती रिटर्नला परत आणावीत, आणि आउटपुट अ‍ॅम्पकडे न्यावे. अशा जोडणीत पेडल ऐकते गिटारचा मूळ, स्वच्छ सिग्नल, आणि दाबते मात्र डिस्टॉर्शननंतरचा गोंगाट. डिस्टॉर्शनमधून गेल्यावर सूर आणि सळसळ यांच्या पातळ्या एकमेकींच्या इतक्या जवळ येतात की कोणत्याही यंत्राला त्या वेगळ्या काढणे अवघड जाते. मूळ सिग्नलमध्ये तो फरक ठळक असतो, आणि म्हणूनच लांबवलेला सूर इथे बराच नैसर्गिक रीतीने विरतो. डिले आणि रिव्हर्ब (प्रतिध्वनी आणि घुमारा देणारी पेडले) आउटपुटनंतर ठेवावेत, अन्यथा त्यांचे रेंगाळणेही कापले जाईल.

पेडलवर तीनच बटणे आहेत. थ्रेशोल्ड (वाट बंद होण्याची मर्यादा) शून्यावरून हळूहळू वाढवत न्यावा आणि तारा दाबून धरलेल्या असताना सळसळ जिथे नाहीशी होते तिथेच थांबावे. त्यापुढचा प्रत्येक अंश सुरांच्या शेपटीतून वसूल होतो. डिके (वाट बंद व्हायला लागणारा वेळ) जलद पाम म्यूटिंगसाठी, म्हणजे तळव्याने तारा दाबून वाजवण्यासाठी, कमी आणि लांब सुरांसाठी जास्त ठेवावा. तिसरे बटण म्यूटवर ठेवल्यास पाय दाबताच आवाज पूर्ण बंद होतो, जे कार्यक्रमात दोन गाण्यांच्या मध्ये गिटार सुरात लावताना सोयीचे पडते.

डिस्टॉर्शन पेडलचे नसून अ‍ॅम्पच्या प्रीअ‍ॅम्पचे (पहिल्या टप्प्याचे) असेल, तर अ‍ॅम्पला इफेक्ट्स लूप, म्हणजे त्या टप्प्यानंतर सिग्नल बाहेर नेऊन परत आणणारे सेंड-रिटर्न जॅक, असणे आवश्यक आहे. अशा वेळी एनएस-२ चा सेंड अ‍ॅम्पच्या इनपुटला, अ‍ॅम्पचा सेंड एनएस-२ च्या रिटर्नला आणि एनएस-२ चे आउटपुट अ‍ॅम्पच्या रिटर्नला जोडतात. परिणाम फारच समाधानकारक असतो, पण एवढ्या केबलींमुळे कधीकधी नवीच घरघर उपटते, त्यामुळे केबल आखूड आणि चांगल्या प्रतीच्या घ्याव्यात. लूप नसलेल्या छोट्या सराव-अ‍ॅम्पच्या मालकांनी हे पेडल केवळ अ‍ॅम्पच्या गेनची सळसळ घालवण्यासाठी घेऊ नये.

अ‍ॅडाप्टरवर चालत असताना एनएस-२ शेजारच्या पेडलांना ९ व्होल्ट वीजही पुरवते. सोय आहे, पण हा पुरवठा आयसोलेटेड, म्हणजे प्रत्येक पेडलला वेगळा, नाही, आणि डिजिटल पेडल त्याच ओळीत जोडले की बारीक शिट्टी ऐकू येऊ शकते. अशा मांडणीसाठी स्वतंत्र आउटपुट असलेला पॉवर सप्लाय आधी घ्यावा असे मी सुचवीन; तो घेतल्यानंतर नॉइज सप्रेसरची गरज उरत नाही, असेही घडते.

बॉसने २०२३ मध्ये एनएस-१एक्स हे नवे पेडल आणले. त्यात डिजिटल प्रक्रिया आहे आणि रिडक्शन, गेट व म्यूट असे तीन प्रकार आहेत. वेगवान मेटल वाजवणाऱ्यांनी दोन्ही शेजारी ठेवून ऐकावीत. रॉक किंवा ब्लूज वाजवणाऱ्यांना मी एनएस-२ च सुचवीन, त्यातही जुने, वापरलेले मिळाल्यास अधिकच, कारण त्याची धातूची पेटी वर्षानुवर्षे टिकते. वापरलेले घेताना सेंड आणि रिटर्न यांच्यात एक आखूड केबल लावून वाजवून पाहावे. तसे केल्यावर आवाज गेला किंवा खरखरला, तर त्या जॅकची दुरुस्ती किमतीतून वजा करून घ्यावी.