हवेची की बारुदाची? नागपुरात बसून परदेशी बंदूक घेण्याआधी

१ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्निल कुसाळेनं पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) कांस्य जिंकलं. त्यानंतर पंधरा दिवसांत आमच्या नेमबाजीच्या रेंजवर तीन बापांनी मला एकच प्रश्न विचारला. "भाऊ, पोराला पॉइंट टू टू घेऊन द्यायची आहे. जर्मनीहून किती दिवसांत येते?" तिघांपैकी एकाचाही परवान्याचा अर्ज गेलेला नव्हता. एकाचं पोरगं अजून दहा मीटरवर छर्रे मारत होतं आणि तेही क्लबच्या रायफलनं.

तेव्हापासून हेच उत्तर मी निदान वीस वेळा दिलं असेल, म्हणून एकदा लिहूनच टाकतो. परदेशातले निर्यातीचे नियम बदलले की आपल्या खरेदीवर काय परिणाम होतो, हे तुम्ही हवेची बंदूक घेताय की बारुदाची यावर ठरतं. पॉइंट टू टू ही बारुदाची रायफल. (दारूची बंदूक म्हणणार होतो, पण नागपुरात त्याचा अर्थ भलताच निघतो.)

हवेची बंदूक

दहा मीटरची मॅच एअर रायफल किंवा पिस्तूल दाबलेल्या हवेवर साडेचार मिलिमीटरचा छर्रा फेकते. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर वेगानं सुटतो, म्हणजे ऊर्जा जेमतेम सव्वासात ज्यूल. आपल्या २०१६ च्या शस्त्र नियमांत हवेच्या बंदुकीला परवाना लागतो तो २० ज्यूलच्या वर किंवा पॉइंट वन सेव्हन सेव्हन इंचापेक्षा (म्हणजे याच साडेचार मिलिमीटरपेक्षा) मोठ्या बोअरला, नळीच्या व्यासाला. म्हणजे ही बंदूक परवान्याच्या भानगडीतून बाहेर. युरोपचा निर्यात कायदा, २०१२ चा २५८ क्रमांकाचा, ज्वलनानं गोळी फेकणाऱ्या शस्त्रांसाठी आहे. त्यातही ती बसत नाही. जर्मन कंपनी उल्मची वाल्थर असो की ओबर्नडॉर्फची फाइनवेर्कबाउ, तिकडे बंदुकांचा निर्यात कायदा कितीही बदलला तरी तुमच्या दहा मीटरच्या बंदुकीचं फारसं काही अडत नाही.

याचा अर्थ घरबसल्या जर्मन दुकानातून पार्सल मागवा असा नाही. परवाना नाही म्हणून आयात मोकळी, असं होत नाही. डीजीएफटीचं, म्हणजे केंद्राच्या परदेशी व्यापार महासंचालनालयाचं, आयात धोरण हवेच्या बंदुकीलाही लागू आहे, आणि कस्टम्सच्या गोदामात अडकलेलं पार्सल सोडवण्यापेक्षा ते न मागवणं स्वस्त. रीतसर आयात करणाऱ्या भारतीय विक्रेत्याकडून, पक्क्या बिलावर घ्या. परदेशातल्या किमतीपेक्षा महाग पडेल. त्या फरकात तुम्ही त्याची कागदपत्रं विकत घेताय, असं समजा.

हवेच्या बंदुकीत खरा खर्च दडलेला असतो दाबलेली हवा भरायच्या सिलिंडरमध्ये, आणि तिकडे कोणी बघत नाही. मागच्या वर्षी एक ताई सेकंडहँड एअर पिस्तूल दाखवायला घेऊन आल्या. दस्ता चकाचक, ट्रिगर सुरेख, भावही बरा. मी सिलिंडर फिरवून त्यावर कोरलेली तारीख बघितली, तर दहा वर्षांची मुदत संपायला चार महिने होते. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत उपकरण तपासणीला पास होत नाही, नवा बाहेरूनच यावा लागतो. तो शस्त्र नाही, पण दाबाची टाकी आहे, म्हणून कुरिअरवाले त्याला हातही लावत नाहीत. ताईंनी भाव पंधरा हजारांनी खाली आणला. घ्यायला हरकत नव्हती, फक्त माहीत असायला हवं होतं.

पॉइंट टू टू

इथे मात्र दोन्ही देशांची सरकारं तुमच्या खरेदीत बसलेली असतात, आणि क्रम चुकला की सगळं चुकतं.

जर्मनीत निर्यातीची परवानगी फ्रँकफर्टजवळच्या एश्बोर्नचं कार्यालय देतं, बाफा नावाचं. युरोपच्या नियमाप्रमाणे ते परवानगी देण्याआधी दोन गोष्टी बघतं. आयात करणाऱ्या देशानं, म्हणजे भारतानं, आयातीला मंजुरी दिली आहे का? आणि वाटेत दुसऱ्या देशातून माल जाणार असेल तर त्या देशाचा विरोध नाही ना? वीस कामाच्या दिवसांत तो देश काही बोलला नाही तर होकार धरतात. अर्जाचा निकाल साठ कामाच्या दिवसांत लावायचा, अपवादात्मक प्रकरणात नव्वद. साठ कामाचे दिवस म्हणजे कॅलेंडरचे तीन महिने. नव्वद म्हणजे दिवाळीला अर्ज केला तर होळीला उत्तर.

म्हणून "जर्मनीहून किती दिवसांत येते" हा प्रश्नच उलटा आहे. जर्मन घड्याळ तुमचा भारतीय कागद पोचल्यावर सुरू होतं. शहरात राहत असाल तर पोलीस आयुक्तांकडून, ग्रामीण हद्दीत असाल तर जिल्हाधिकाऱ्यांकडून परवाना. त्यासाठी पोलीस पडताळणी, वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला. मग नेमबाज म्हणून आयातीची पात्रता, नेमबाजी संघटनेची शिफारस, डीजीएफटी. मगच तिकडे पत्र. अर्जदार २१ वर्षांखालचा असेल तर त्याच्या नावावर साधा परवाना होत नाही, ज्युनियर नेमबाजांसाठीची वेगळी तरतूद आधी समजून घ्या.

माझी स्वतःची फाईल अडली ती नावावर. आपल्याकडे परवान्यावर नाव लिहितात स्वतःचं, वडिलांचं, मग आडनाव. माझ्या पासपोर्टवर वडिलांचं नाव वेगळ्या रकान्यात, मुख्य नावात नाही. विक्रेत्यानं अर्ज पासपोर्टवरून भरला, आयातीचा कागद निघाला परवान्यावरून. तिकडून शंका आली की ही दोन माणसं आहेत काय. प्रतिज्ञापत्र, त्याचं इंग्रजी भाषांतर, पुन्हा शिक्का. दीड महिना गेला आणि तेवढ्यात इकडच्या कागदाची मुदत संपत आली, म्हणून ती वाढवायची धावपळ वेगळीच. विक्रेता म्हणे, "सर, तिकडचे नियम कडक झालेत." नियम तोच होता बापा, अर्ज भरताना कोणी परवाना उघडून बघितला नव्हता.

खरा बदल पुढे आहे. युरोपनं २५८ ची जागा घ्यायला २०२५ चा ४१ क्रमांकाचा नवा नियम केला आहे आणि तो प्रत्यक्ष लागू होणार फेब्रुवारी २०२९ पासून. इलेक्ट्रॉनिक अर्ज, अंतिम वापरकर्त्याबद्दल जास्त काटेकोर तपासणी, असा त्याचा रोख आहे. यंदा-पुढच्या वर्षी घेणाऱ्यानं त्याच्या धास्तीनं घाई करू नये. पण पोरगी आज अकरा वर्षांची असेल आणि पंधराव्या वर्षी तिला पन्नास मीटरवर न्यायचा विचार असेल, तर तुमची खरेदी त्या नव्या नियमाखालीच होईल. आत्ताच सगळ्या कागदांवर तिचं नाव एकसारखं करून घ्या.

आणि बंदूक एकदाच येते, काडतुसं मात्र येतच राहावी लागतात. पन्नासचा डबा सरावाच्या एका तासात संपतो. चांगली मॅच काडतुसं म्हणजे बर्मिंगहॅमची एली, नाहीतर जर्मन आरडब्ल्यूएस, नाहीतर लापुआ. ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडलंय, त्यामुळे एलीला ब्रिटनची वेगळी निर्यात परवानगी, रायफलीला जर्मनीची वेगळी. एका बॅरलला एक काडतूस जुळतं, दुसरं जुळत नाही. महिनाभर टेस्टिंग करून जुळवलेला माल पुढच्या खेपेला आलाच नाही, तर पाच-सहा लाखांची रायफल खोलीत पडून राहते. नियम बदलल्याचा फटका पॉइंट टू टूवाल्याला बसतो तो इथे, दर वर्षी.

सुटे भाग घेतानाही हा फरक लक्षात ठेवा. नळी, रिसीव्हर, बोल्ट हे युरोपच्या लेखी शस्त्राचेच भाग, त्यांना परवानगी लागते. कुंदा, डायॉप्टर (नेम धरायचं मागचं साइट), हुक, बटप्लेट यांना तो कायदा लागत नाही. हवेच्या बंदुकीत ही विभागणीच नाही.

अमेरिकेतला भाऊ

धरमपेठेतल्या दर चौथ्या घरातलं कोणीतरी न्यू जर्सीत नाहीतर डॅलसला आहे, म्हणून हे लिहावंच लागतं. "तो येताना घेऊन येईल" हा पर्याय नाही. अमेरिकन नागरिकाला आणि तिथल्या कायम रहिवाशाला सामानासोबत तीनपर्यंत बंदुका नेण्याची जी सूट आहे, ती स्वतःच्या वापरासाठी. दुसऱ्याला विकायला किंवा द्यायला नाही. आणि इकडे उतरल्यावर आपल्या कस्टम्सचा आणि शस्त्र कायद्याचा प्रश्न उभा राहतो, तो तुरुंगापर्यंत नेणारा असू शकतो.

तिकडचे नियम तेवढे गाजतात खूप. २०२० च्या मार्चमध्ये बहुतेक नागरी बंदुकांची निर्यात परराष्ट्र खात्याकडून वाणिज्य खात्याकडे गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये नव्या परवान्यांना तात्पुरता लगाम, मे २०२४ मध्ये कडक नियम आणि परवान्याची मुदत चार वर्षांवरून एक वर्ष, मग सप्टेंबर २०२५ मध्ये तो नियमच मागे. साडेपाच वर्षांत एवढी उलथापालथ, पण नागपुरातल्या दहा आणि पन्नास मीटरवाल्याला तिचा धक्का नाही, कारण आपली बंदूक तिथून येतच नाही.

देशी, क्लबची आणि जुनी

गंमत बघा, अंबाझरीला आयुध निर्माणी आपल्या दाराशी, यंत्र इंडियाचं मुख्यालय नागपुरात, पण नेमबाजाच्या कामाचं तिथे काही नाही. पॉइंट टू टूची देशी स्पोर्टिंग रायफल बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्याची. टिकाऊ आहे, पण थ्री पोझिशनची मॅच रायफल ती नव्हे. हवेत मात्र प्रेसिहोलसारख्या देशी बंदुकांवर सुरुवात करायला मला काहीच कमीपणा वाटत नाही. पोरगं ६०० पैकी साडेपाचशेच्या आत असेल तर दोष सहसा पिस्तुलाचा नसतो, आणि आईबापांना हे ऐकायला आवडत नाही.

जुनी पॉइंट टू टू घेत असाल तर ती विकणाऱ्यानं कोणत्या अटीवर आयात केली होती, तो कागद मूळ स्वरूपात बघा. नेमबाज म्हणून सवलतीत आणलेल्या शस्त्राच्या विक्रीवर बंधनं असू शकतात. शिवाय शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर साध्या परवानाधारकाला दोनच बंदुका. विदर्भातल्या जुन्या मालगुजार घरांत आजोबांची बारा बोअर आणि एखादं रिव्हॉल्व्हर असतंच. तेच नाव तिसऱ्या बंदुकीसाठी वापरता येईल असं समजून अर्ज करू नका. नेमबाजांना जादा बंदुकांची सूट आहे, पण ती कामगिरीवर मिळते.

आता मला विचाराल तर, एअरमध्ये पोरगं दोन वर्षं टिकलं की परदेशी बंदूक घ्या, खुशाल घ्या. तिकडच्या कायद्याची फिकीर नको, फक्त सिलिंडरची तारीख बघा. पॉइंट टू टूसाठी पहिलं वर्ष क्लबच्या रायफलवर काढा. पन्नास मीटरची लेन आठवड्यातून किती तास मिळते ते मोजा. मोठ्या सरावासाठी पुण्याची बालेवाडी गाठायची म्हणजे अजनीहून वंदे भारतनं बारा तास, आणि तिथे रायफल जवळ असताना परवान्याची मूळ प्रत आणि एका जबाबदार मोठ्या माणसाची सोबत, हे सगळं घरच्यांना जमतंय का ते वर्षभरात कळतं. ज्यांना जमतं त्यांनी परवान्याचा अर्ज त्याच वर्षी टाकावा, बंदूक पसंत करण्याच्या आधी.

त्या तीन बापांपैकी एकानं देशी एअर रायफल घेतली, पोरगं मजेत आहे. दुसऱ्यानं नाद सोडून पोराला बॅडमिंटनला घातलं. तिसऱ्याची परवान्याची फाईल सिव्हिल लाइन्सला आहे. पोराचं नाव चारही कागदांवर, वडिलांच्या नावासकट, एकसारखं आहे, मी स्वतः तपासलं. रायफलीचं कोटेशन अजून मागवलेलं नाही.