छोटी हॅचबॅक, 11 महिने, 10,900 किलोमीटर : मायलेज, सुरक्षितता आणि मागच्या सीटचे बकल

गेल्या महिन्यात नागपूरच्या वर्धा रोडवर जामठ्याजवळ पुढचा ट्रॅक्टर अचानक वळला आणि मला जोरात ब्रेक दाबावा लागला. गाडी सरळ रेषेत थांबली, जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या एबीएसने आपले काम चोख केले, परंतु मागे बसलेली आई पुढच्या सीटवर आदळली आणि तिच्या गुडघ्याला मार बसला. तिने बेल्ट लावलेला नव्हता, कारण बेल्ट ज्यात अडकवायचा ते बकल सीटच्या फटीत आत गेलेले होते. हा अनुभव लिहायला बसण्याचे कारण तेच आहे.

आधी मायलेजबद्दल लिहितो, कारण गाडी घेताना माझा सगळा हिशेब त्याचाच होता. प्रत्येक वेळी टाकी काठोकाठ भरून, किलोमीटर आणि लिटर वहीत टिपून मी सरासरी काढतो. डॅशबोर्डवरचा आकडा माझ्या वहीपेक्षा नेहमीच थोडा जास्त असतो, म्हणून त्यावर मी विसंबत नाही. मनीषनगर ते बुटीबोरी या रोजच्या प्रवासात लिटरला सरासरी 17 किलोमीटर मिळतात. मे महिन्यात, पारा 45 च्या वर असताना आणि एसी पूर्ण वेळ चालू असताना, ही सरासरी 14.8 वर आली होती. पेट्रोलमधील 20 टक्के इथेनॉलचाही यात वाटा आहे, कारण इथेनॉलमध्ये प्रतिलिटर ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. मेव्हण्यांची पेट्रोल ऑटोमॅटिक एसयूव्ही शहरात 10.5 देते. माझ्या महिन्याच्या 900 किलोमीटरला हा फरक जवळजवळ 33 लिटरचा होतो, आणि पगारदार माणसाला 33 लिटर ही लहान रक्कम नव्हे.

खरा धडा मात्र समृद्धी महामार्गाने दिला. शिर्डीला जाताना शिवमडक्यापासून मी 115 ते 120 चा वेग धरला होता आणि मायलेज 15.6 आले, म्हणजे शहरापेक्षाही कमी. परतताना तोच रस्ता, तीच माणसे, तेवढेच सामान. वेग 90 ठेवला आणि आकडा 21.3 निघाला. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे 90 ऐवजी 120 ने गेल्यास तो पावणेदोन पटींहून अधिक होतो. आदळण्याच्या वेळची ऊर्जाही त्याच नियमाने वाढते. पेट्रोल वाचवणारा वेग आणि जीव वाचवणारा वेग यांत भांडण नाही, हे मला वहीतल्या आकड्यांनी पटवले. निघण्यापूर्वी टायर थंड असताना हवा तपासणे हेही मी तेव्हापासून चुकवत नाही, कारण कमी हवेचे टायर पेट्रोलही जास्त खातात आणि तापून फुटण्याचा धोकाही वाढवतात.

पहिल्या तीन महिन्यांनंतर कोणी विचारले असते तर छोटी गाडी मोठ्या गाडीइतकीच सुरक्षित आहे, धडक चाचणीत मिळालेले तारे बघा, असे मी ठामपणे सांगितले असते. ते मत मी मागे घेतो. हे तारे देणाऱ्या भारत एनसीएपी या कार्यक्रमाच्या समोरील धडकेच्या चाचणीत गाडी 64 किलोमीटर वेगाने एका ठरावीक अडथळ्यावर आदळवतात; तिथे समोरून दुप्पट वजनाचे वाहन येत नसते. 950 किलोंची गाडी आणि 1,900 किलोंची गाडी प्रत्येकी 50 च्या वेगाने समोरासमोर धडकून एकमेकींत अडकल्या, तर छोट्या गाडीच्या वेगात सुमारे 67 किलोमीटरचा बदल होतो आणि मोठीच्या वेगात केवळ 33 चा; हा बदल जितका मोठा, तितका आतल्या माणसांना बसणारा धक्का जोराचा. त्यामुळे ताऱ्यांची तुलना साधारण सारख्या वजनाच्या गाड्यांमध्येच करावी. मात्र उंच गाडीचा गुरुत्वमध्य वर असतो, अचानक वळवताना ती उलटण्याची शक्यता अधिक, आणि आत बेल्ट न लावता बसलेल्या माणसाला तिचे वजन काहीही उपयोगाचे नाही.

म्हणूनच मी पुन्हा त्या बकलवर येतो. ते एका लवचीक पट्टीने सीटच्या फटीत उभे राहायला हवे, पण ती पट्टी ढिली असल्याने कोणी बसले की बकल आत सरकते. आईने दोन-तीन वेळा बोटे घालून शोधले आणि मग "राहू दे, मले सापडत नाही" म्हणून सोडून दिले. मागच्या सीटसाठी सूचनेचा आवाज या गाडीत नाही, त्यामुळे मला पुढे कळलेच नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये तक्रार लिहून दिली, तेव्हा तिथल्या सल्लागाराने "साहेब, मागे कोण लावते बेल्ट?" असे विचारले आणि जॉबकार्डवर "दोष नाही" असा शेरा मारला. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194-ब खाली बेल्ट न लावणाऱ्यास 1,000 रुपये दंड आहे आणि तो नियम मागच्या सीटलाही लागू आहे, हे मी त्यांना शांतपणे सांगितले. ज्या कार्यशाळेत एअरबॅगच्या दिव्यासाठी गाडी तातडीने उघडतात, तिथे बकल दुरुस्तीयोग्य न वाटावे, याचा मला अजूनही संताप येतो. तीन चकरांनंतर, वरिष्ठांना लेखी पत्र दिल्यावर, डाव्या बाजूची पट्टी बदलून मिळाली.

आता डाव्या बाजूचे बकल ताठ उभे राहते आणि आई तिथेच बसते. उजव्या बाजूचे मात्र अजून आत जाते. ते दिवाळीच्या प्रवासाआधी बदलून घेण्यासाठी मी दुसरे पत्र दिले आहे, आणि तोवर त्या बाजूला कोणालाही बसू देत नाही.