झाड उचलून दुसरीकडे लावून देणारी सेवा: कोटेशनमधले दोन आकडे आधी बघा

बाजारपेठेतलं जुनं झाड गटाराच्या, मेट्रोच्या किंवा रुंदीकरणाच्या आड आलं की "तोडत नाही, पुनर्रोपण करतो" म्हणणारे ठेकेदार मुंबई-पुण्यात सहज मिळतात. या सेवेला ५ पैकी २ गुण. बुंध्याचा घेर तीन फुटांच्या आत असलेला वड, पिंपळ किंवा उंबर असेल तर जरूर घ्या. जुना पर्जन्यवृक्ष किंवा गुलमोहर असेल तर तोडणी आणि नवी लागवड हे पॅकेज घ्या, ते बरंच बरं निघतं.

कोटेशनमध्ये पहिला आकडा शोधायचा तो मुळांसकट उचलायच्या मातीच्या गोळ्याच्या व्यासाचा. बुंध्याच्या व्यासाच्या निदान दहापट गोळा हवा. म्हणजे ३० सेंमी जाडीच्या बुंध्याला ३ मीटरचा. खोली १ मीटर धरली आणि गोळा खाली वाटीसारखा निमुळता केला, तरी ५ घनमीटर माती होते. ओली असेल तर आठ-नऊ टन, वर झाडाचं वजन वेगळं. त्याला क्रेनच लागते. ६० सेंमी जाडीच्या झाडाला याच हिशेबाने ६ मीटरचा गोळा लागेल, आणि आपले फुटपाथ दोन-अडीच मीटरचे. त्यातच पाण्याची लाइन, गटार, विजेच्या केबल. म्हणून प्रत्यक्षात जेसीबीच्या बकेटने दीड मीटरचा गोळा निघतो, पाणी ओढणारी बारीक मुळं जुन्या जागीच राहतात आणि झाडाच्या नावाखाली खांब हलवला जातो. "सगळ्या साइजची झाडं करतो" असं कार्डावर असेल तर पुढे बोलूच नका.

चांगली टीम आधी मुळं छाटते. गोळ्याभोवतीच्या चराचा अर्धा भाग पहिल्या फेरीत खणायचा, शेणखत मिसळलेल्या मातीने भरायचा, निदान महिना-दीड महिना नियमित पाणी द्यायचं आणि मग उरलेला अर्धा. चराच्या कडेला नवी बारीक मुळं फुटली की झाड हलवण्याजोगं होतं. काम पावसाच्या तोंडावर बसवलेलं बरं. बहुतेक ठेकेदार ही पायरी गाळतात, कारण रस्त्याचं काम "उद्यापासून" सुरू व्हायचं असतं. गोळा गोणपाटात सुतळीने घट्ट आवळलेला हवा. उचलताना रुंद नायलॉनचे पट्टे हवेत. उघडी साखळी किंवा वायररोप असेल तर काम तिथेच थांबवा, साल सोलली गेली की बाकी सगळी मेहनत पाण्यात. फांद्या एक तृतीयांशापेक्षा जास्त छाटायच्या नाहीत. ट्रकमध्ये मावावं म्हणून बोडकं केलेलं झाड स्वतःचं अन्न बनवणार कशाने?

नवा खड्डा गोळ्याच्या दीडपट ते दुप्पट रुंद, पण खोली गोळ्याएवढीच. जास्त खोल पुरणं ही सगळ्यांत जास्त दिसणारी चूक: बुंधा जिथे मुळांकडे फाकतो तो भाग जमिनीच्या वर दिसला पाहिजे, नाहीतर साल कुजते. काळ्या मातीत तळाला पाणी साचतं, तिथे निचऱ्याची वाट आधी काढावी लागते.

दुसरा आकडा पाण्याचा. ३ मीटरच्या गोळ्याला पाऊस नसताना पहिला महिनाभर दर दोन-तीन दिवसांनी अडीचशे-तीनशे लिटर, पुढे दोन उन्हाळे कमी होत जाणारं वेळापत्रक. "देखभाल समाविष्ट" एवढंच लिहिलेलं असेल तर टँकर महिनाभर येतो आणि बंद होतो. दोन-तीन आठवड्यांत फुटलेल्या पालवीचे फोटो पाठवून "झाड जगलं" म्हणतात, त्याला भुलू नका. ती पालवी खोडातल्या साठ्यावर फुटते. खरी परीक्षा दुसऱ्या मे महिन्यात.

तोडणी-लागवडीच्या पॅकेजला ५ पैकी साडेतीन. परवानगी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची, ती ठेकेदाराच्या तोंडी हवाल्यावर सोडू नये. महाराष्ट्राच्या शहरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाच्या १९७५ च्या कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार ५० वर्षांचं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं, तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडं लावावी लागतात, रोपं ६ ते ८ फुटांची हवीत आणि सात वर्षं जगवायची असतात. गर्दीच्या रस्त्यावर झाड वरून तुकड्यातुकड्याने, दोराने उतरवतात. जड फांदीला आधी खालून काप, मग थोडं बाहेर वरून. नाहीतर फांदी तुटताना खालपर्यंत साल ओढते. खालचं खोड जेसीबीने उपटलं तर पाण्याची लाइन फुटते. ग्राइंडरने जमिनीखाली फूटभर खरवडून घेणारी टीम असेल तर थोडे जास्त पैसे सार्थकी लागतात.

रोपाची पिशवी काढून बघा: मुळं तळाशी गोल गुंडाळलेली असतील तर उभे काप द्या, नाहीतर परत पाठवा. अरुंद फुटपाथला बहावा, ताम्हण किंवा बकुळ. तारांखाली सप्तपर्णी लावू नका. खड्डा १ × १ × १ मीटर, रोपाला आठवड्यातून दोनदा १५-२० लिटर. बुंध्यालगत काँक्रीट ओतू देऊ नका; दिल्लीच्या प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच झाडाभोवती १ मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितली होती. रोपाभोवतीचा लोखंडी पिंजरा तीन वर्षांत काढायचा हेही करारात घाला. तो विसरला जातो आणि सळई सालीत रुतते.

बिलाचा शेवटचा तिसरा हिस्सा दुसऱ्या पावसाळ्यानंतर, जिवंत झाडं मोजून द्यायचा. या अटीवर जो ठेकेदार लगेच "हो" म्हणतो, त्याच्या टँकरचं वेळापत्रक बहुधा आधीच तयार असतं.