ऑफिस-डिरेक्टरीचं सॉफ्टवेअर: पणजीच्या नंबरांनी दिलेला मनस्ताप

ऑफिसांतल्या सगळ्यांचे फोन नंबर एका यादीत ठेवणारं हे सॉफ्टवेअर गणपतीच्या आधी घेतलं, आता आंब्याचा सीझन तोंडावर आलाय आणि रिन्यूअलचा मेलही. फीचर्स सगळ्यांना ठाऊक आहेत, ती परत लिहीत नाही.

आमचं काम आंबा-काजू प्रक्रियेचं. ऑफिसं रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ आणि पणजीला. जुन्या यादीत कुणी ०२३५२ (रत्नागिरीचा एसटीडी कोड) सकट लिहिलेलं, कुणी नुसतं ९१ जोडलेलं, काहींचा पुढचा शून्य एक्सेलनेच खाल्लेला. दुबईच्या गिऱ्हाइकाला त्यातून फोन लागणार कसा? सगळे नंबर ई.१६४ (फोन नंबर लिहिण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत) प्रमाणे +९१ मध्ये आपोआप बसतील, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं.

मोबाइल बसले. रत्नागिरीच्या लँडलाइनही नीट: शून्य काढून +९१ २३५२, पुढे सहा आकडे. अडलं ते पणजीला. ०८३२ ने सुरू होणाऱ्या नंबरातला शून्य गेला की उरतात दहा आकडे, सुरुवात आठने. झालं, सॉफ्टवेअरने तो मोबाइल धरला, पाच-पाच आकड्यांत तोडला आणि त्यावर एसएमएस पाठवत बसलं! रत्नागिरी, चिपळूण, कुडाळचे कोड २ ने सुरू होतात म्हणून ते वाचले. उद्या नागपूरला ऑफिस काढलं तर ०७१२ चं हेच होणार. मोबाइल की लँडलाइन हे नुसत्या पहिल्या आकड्यावरून ठरत नाही, पुढचे आकडेही बघावे लागतात. गूगलची लिबफोननंबर लायब्ररी (प्रोग्रॅमरना वापरता येणारा तयार कोड) हे फुकट करते. मग आम्ही माणशी वर्षाचे पैसे मोजतो ते कशाचे? तक्रार केली तर उत्तर आलं, 'तुमचा डेटा तपासा.' डेटा बरोबरच होता.

इथवरचं मत एक स्टार. पण दिवाळीनंतरच्या अपडेटमध्ये नंबराचा प्रकार हाताने बदलता येऊ लागला आणि एक्स्टेन्शनला वेगळा रकाना मिळाला. ई.१६४ च्या जास्तीत जास्त १५ आकड्यांत एक्स्टेन्शन धरतच नाहीत, त्यामुळे हा रकाना हवाच होता. आता नावावर बोट ठेवलं की ऑफिसच्या फोन-बोर्डाचा नंबर लागतो, क्षणभर थांबून एक्स्टेन्शनही लागतं. डिस्पॅचची पोरं यावर खूश आहेत, आणि मीसुद्धा.

म्हणून तीन स्टार. रिन्यू करतोय, पण सगळ्यात स्वस्त प्लॅनवर. पणजीची यादी सपोर्टला परत पाठवली आहे. त्यातले नंबर हाताने न बदलता लँडलाइन म्हणून दिसले तरच वरच्या प्लॅनचे पैसे भरेन.