दहा बाय सोळाचं गॅरेज: गाडी आत ठेवायची, की कामाचा टेबल?

कोकणात निवृत्तीसाठी बांधलेलं घर, जांभ्याच्या भिंती आणि आतून दहा बाय सोळा फुटांचं, म्हणजे 305 बाय 488 सेंमीचं गॅरेज, असं धरून चालू. त्यात एक गाडी, थोडं सुतारकाम, बागेची अवजारं आणि वर्षातून एकदाच लागणारं सामान बसवायचं आहे. व्यवहारात तीन मार्ग आहेत: भिंतीला दुमडणारा टेबल, चाकांचा टेबल, किंवा गाडी बाहेर शेडमध्ये आणि आत पूर्ण वर्कशॉप.

आधी गाडीचं माप. वॅगनआरची लांबी 365.5 सेंमी आणि रुंदी 162. शटरपाशी 15 सेंमी सोडले, तर बॉनेटपुढे 107 सेंमी उरतात. टेबल 50 सेंमी खोल केला, तरी उभं राहायला 57 सेंमी मिळतात. एका माणसाला तेवढे पुरतात. हाच हिशेब 386 सेंमीच्या स्विफ्टला लावला की 37 सेंमीच राहतात, आणि 399 सेंमीच्या गाडीला जेमतेम 24. म्हणजे वॅगनआर किंवा त्याहून लहान गाडी असेल तर ती न हलवता काम होतं. मोठी असेल तर दर वेळी बाहेर काढावी लागते, आणि पावसाळ्याचे चार महिने ते नको वाटतं.

रुंदीत 143 सेंमी उरतात. गाडी डाव्या भिंतीकडे सरकवून चालकाच्या बाजूला 85 सेंमी ठेवा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला दार पुरेसं उघडून, दोन्ही पाय आधी बाहेर टेकून मग उठायचं असतं. 60 सेंमीत तसं जमत नाही. शेजारी बसणाऱ्याने शटरबाहेरच उतरायचं. घरात दोघांचेही गुडघे कुरकुरत असतील तर आत्ताच चालकाच्या बाजूच्या भिंतीवर काहीही लावू नका, खुंटीसुद्धा नाही.

दुमडणारा टेबल

आमची पहिली पसंती याला. फळी चार फूट बाय 50 सेंमी. 19 मिमीचा वॉटरप्रूफ प्लाय घेऊन त्यावर 6 मिमीचा दुसरा थर चिकटवा. वजन दहा-अकरा किलो होतं, पण एक कड बिजागरीवर असल्याने उचलताना हातावर निम्मंच येतं. 36 मिमी जाडी केली तर वजन पंधरा किलोवर जातं. पासष्टीत ते रोज उचलवत नाही. फळी खाली लोंबणारी ठेवा, वर दुमडणारी नको. हात सुटला तर वरची फळी अंगावर येते, खालची भिंतीला जाऊन टेकते. उंची उभ्याने कामाला 34 इंच, बसून करायचं असेल तर 29.

चूक होते ती भिंतीत. जांभा मऊ आणि सच्छिद्र असतो. हॅमर ड्रिल लावलं की भोक आतून ढासळतं आणि फास्टनर फिरत राहतो. हॅमर बंद ठेवून आधी 8 मिमीचं आणि मग हव्या मापाचं भोक पाडा, भुकटी पंपाने उडवा आणि केमिकल अँकर वापरा, म्हणजे नळीतला रेझिन भोकात भरून त्यात बोल्ट बसवा. नळीवर लिहिलेल्या वेळेआधी नट आवळू नका. पांढऱ्या हलक्या ब्लॉकची भिंत असेल तर साधा फास्टनर धरतच नाही. तिथे आरपार बोल्ट आणि बाहेरून पत्र्याची पट्टी लावा. अँकर दोन-तीन इंची लाकडी पट्टी धरतात, आणि बिजागऱ्या त्या पट्टीवर येतात. प्लायच्या चारही कडांना, खालच्या कडेलाही, प्रायमर आणि ऑइलपेंट मारा. कड उघडी राहिली तर श्रावणापर्यंत ती फुगून पापुद्रे सुटतात आणि बिजागरीचे स्क्रू हलू लागतात.

व्हाइस (वस्तू घट्ट पकडून ठेवणारा शिकंजा) बसवायचा तर आधाराच्या ब्रॅकेटच्या बरोबर वर. दोन ब्रॅकेटच्या मधे बसवला की कानस मारताना फळी डोलते आणि बिजागऱ्या सैल होतात. गाडी कुठे थांबवायची हे कळायला छताला दोरीने एक चेंडू टांगा, तो काचेला लागला की थांबायचं. जमिनीवर रबरी ठोकळा लावणं सोपं वाटतं, पण अंधारात पाय अडखळतो.

चाकांचा टेबल

भिंतीला भोकं पाडायची नसतील तर बरा. पण माप चुकतं हमखास. आरशामुळे चालकाच्या बाजूला खरी वाट 65 सेंमीच्या आसपास राहते, म्हणून दोन फुटी टेबल अडकतो. रुंदी 18 इंच ठेवा. चाकं चार इंची, किमान दोन ब्रेकची. दोन इंची चाकं शटरच्या खालच्या पट्टीवर अडतात आणि टेबल कलंडतो. गॅरेजबाहेर उताराचा रॅम्प असेल तर हा पर्याय सोडून द्या. भरलेला टेबल उतारावर आवरत नाही.

गाडी बाहेर, आत वर्कशॉप

रोज दोन-तीन तास लाकूडकाम करणाऱ्यांनाच हा परवडतो. बाहेर दहा बाय अठराची पत्र्याची शेड लागते, आधी ग्रामपंचायतीत परवानगीची चौकशी. शेड नारळाखाली नको. झावळी पडते, नारळही. कापडी कव्हरवर भिस्त ठेवू नका, ओलं कव्हर गाडीला चिकटून राहतं. समुद्राजवळ असाल तर गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुवावा लागेल. खर्च आणि देखभाल दोन्ही जास्त.

तिन्हींत सामान ठेवण्याचा नियम एकच: जड वस्तू गुडघा ते खांदा या पट्ट्यात. माळा करू नका. तिथे चढायला शिडी लागते. स्लॉटेड अँगलचा रॅक वरून भिंतीला बांधा. पुठ्ठ्याची खोकी वाळवीला आमंत्रण, त्यापेक्षा झाकणाचे प्लॅस्टिकचे क्रेट घ्या. पटाशी आणि नट आवळायचे पाने तेलाचा हात फिरवून बंद डब्यात ठेवा. उघड्यावर राहिलेल्या पान्याच्या दात्यांत आषाढात तांबूस भुकटी धरते, आणि मग तो नटावर घसरतो.

शटर हाताने उचलायचं असेल तर स्प्रिंगचा ताण मिस्त्रीकडून तपासून घ्या. स्वतः सोडू नका, तो जोरात उलटतो. मोटर बसवलीत तर वीज गेल्यावर उघडायला साखळी हवीच. प्लगला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, घ्या. शटर बंद असताना इंजिन कधीच चालू ठेवू नका, एक मिनिटही नाही.

काहीही विकत घेण्याआधी गाडी आत लावून टेबलाची कड खडूने जमिनीवर आखा आणि तिथे चार फुटी पुठ्ठा धरून दहा मिनिटं उभे राहा. मग चालकाचं दार उघडून सावकाश उतरा. कोपर किंवा दार कुठे आपटलं, तिथली मापं बदला.